चाकातल्या रेषा

तिसरा सेन्सर बसवून मेकॅनिकने आवारात गाडीची एक फेरी मारली आणि दोन्ही दिवे पुन्हा लागले. ब्रेकचा लाल, आणि ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा पिवळा.

गाडीमालक ताडकन उठला. "आज नाही म्हणू नकोस, बाबा. एक वाजता ताईला डायलिसिसला घेतात. आणि तो उतार! गुरुवारी चाकं जाम होऊन गाडी आडवी सरकली ती थेट कठड्यापर्यंत. ताई शेजारीच बसली होती."

ताई आत्ता बाकावर बसली होती. विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, हाताला पट्टी, मांडीवर दवाखान्याची फाइल. सगळी गल्ली तिला बाईच म्हणायची.

"स्कॅनर एकच धोशा लावतोय, बाई," मेकॅनिक म्हणाला. "पुढचं डावं चाक, सिग्नल नाही. दीड महिन्यापूर्वी मी बेअरिंग बदललं, त्या दिवसापासून हे लागलंय मागे. वाटलं, काढताना सेन्सर दुखावला असेल. सेन्सर बदलले, वायर तपासली. आता डोकं चालत नाही."

"सेन्सर वाचतो काय?"

"चाक किती फिरलं ते. पूर्वी दातांची कडी असायची, डोळ्यांना दिसायची. आता बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकं असतात म्हणे."

"म्हणे?"

मेकॅनिक ओशाळला. "बघितलंय कुणी, बाई? दोन्हीकडून काळी कड तेवढी दिसते."

"किती बसवलीत अशी?"

"शे-दोनशे तरी."

"मग आज बघू या. ग्राइंडरखाली लोखंडाचा कीस असेल ना? आणि एक कोरा कागद द्या."

"ताई, शाळा संपली तुझी," भाऊ घड्याळाकडे बघत म्हणाला.

"तू गप्प बस."

मेकॅनिकने चाकामागचा अख्खा भाग सोडवून टेबलावर आडवा ठेवला. सेन्सर ज्या बाजूला रोखलेला असतो ती बाजू वर. बाईंनी तिच्यावर कागद ठेवला, चिमटीने कीस भुरभुरला आणि नखाने टिचकी मारली. कीस पडला होता तसाच पडून राहिला.

"नवीन बेअरिंग आहे?"

त्याने खोका फोडला. नव्याची एक बाजू, तेच. नुसती काळी धूळ. त्याने बेअरिंग उलटं केलं. बाईंनी पुन्हा टिचकी मारली.

कीस शहारला. कण सरकले, एकमेकांना चिकटले, उभे राहिले. बघता बघता गोल कडेने बारीक रेषा उमटल्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, कुठे तुटक नाही, कुठे दाटी नाही. मघापर्यंत तिथे काहीच नव्हतं.

भाऊ घड्याळ विसरून पुढे वाकला. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेषा मोजू लागला, तिसाच्या पुढे चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

"मुलांना मी पट्टीचुंबक दाखवायचे," बाई हळूच म्हणाल्या. "दोन टोकं, संपलं. असं मीसुद्धा पहिल्यांदाच बघतेय."

मेकॅनिकचा हात मध्येच थांबला. त्याने त्या रेषांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सुट्या भागाकडे.

"उलटं बसलंय," तो म्हणाला. "चुंबकाची बाजू बाहेर गेली. सेन्सर बिचारा कोऱ्या भिंतीकडे बघतोय."

"म्हणजे गुरुवारी—" भावाचा आवाज चढला.

"हो. माझ्याच हाताने."

बाईंनी कागदाच्या कडा दुमडून कीस अलगद गोळा केला.

"आता बाजू कळली ना?" त्या म्हणाल्या. "मग बसवा."

तासाभराने त्याने किल्ली फिरवली. दोन्ही दिवे लागले, किल्ली फिरवल्यावर लागतात तसे, आणि विझले. आवारात त्याने दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला खडीवर कच्चकन ब्रेक दाबला. पायाखालचं पेडल थरथरलं, एबीएस जागं झालं होतं, आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. दिवे विझलेलेच.

बाई गाडीत बसल्या. भावाने मेकॅनिककडे एकदा बघितलं आणि गाडी उताराला लागली. वळणावर मागचे लाल दिवे एकदा लागले, गाडी सावकाश वळली आणि दिसेनाशी झाली. तोवर मेकॅनिक फाटकाशी उभाच होता.

मग तो आत आला. काढलेलं बेअरिंग टेबलावर पडलं होतं. त्याने त्याची दुसरी बाजू वर केली, कागद ठेवला, कीस टाकला. रेषा उभ्या राहिल्या. दीड महिना त्या अशाच, चुकीच्या दिशेला तोंड करून, त्या चाकात फिरत होत्या.

कीस उडू नये म्हणून त्याने पंखा बंद केला आणि जिन्याशी जाऊन वर बायकोला हाक मारली.

"आता काय बिघडलं?" ती पायऱ्या उतरत म्हणाली.

"काही नाही. इकडे ये. अजून जवळ. बघ, पण श्वास सोडू नकोस."