उजवी मूठ

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या कॉलेजच्या बँडला शंभर वर्षं झाली, म्हणून आम्ही सगळे जुने वादक मेळाव्याला जमलो. आमच्या बँडचा नियम एकच. म्होरक्याने उजवा हात वर करून मूठ मिटल्याशिवाय कुणी वाजवायचं थांबायचं नाही.

आमच्या वेळचा म्होरक्या वेंडेल आता सत्तरी ओलांडलेला. फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात मैदानात बँड वाजत असताना पूर्वीसारखं मागे वाकून टोपीचा तुरा गवताला टेकवायचाच, असा त्याचा हट्ट.

"गुडघे नवे बसवलेत, पाठ जुनीच आहे हां," त्याची बायको लॉर्ना म्हणाली.

"आता माघार घेतली तर हे लोक जन्मभर चिडवतील."

"या वयात जन्मभर म्हणजे थोडेच दिवस."

तो वाकला. तुरा टेकला. अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत उठलं, वेंडेल मात्र उठेना. मदतीसाठी त्याने डावा हात हलवला. आम्हाला वाटलं, लय वाढवायला सांगतोय. आम्ही वाढवली. त्याने आणखी जोरात हलवला, आम्ही आणखी वाढवली. शेवटी तो उजव्या हातावर कोसळला आणि ॲम्ब्युलन्स आली. म्होरक्या निघाला म्हटल्यावर त्याच्यामागे रांगेत, वाजवत, आम्हीही निघालो.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर लॉर्नावर ओरडला, "अहो बाई, यांना थांबवा की! आत पेशंट झोपलेत!"


"तो हुकूम फक्त वेंडेल देतो, डॉक्टर," लॉर्ना म्हणाली, "आणि त्याचा उजवा हात तुम्ही आत्ताच बोटांसकट प्लास्टरमध्ये घातलाय."