मधली जागा

मलकापूरला प्रेरणाच्या दातांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती. अंगावर पांढरे ठिपके उठून तिचे लाडके मासे दगावले. माशांवाचून रोगाचे जंतू उपाशी मरतात, म्हणून तिनं उन्हाळाभर टाकी नुसत्या पाण्यावरच चालू ठेवली. नवे मासे आधी वेगळे ठेवून पारखले, आणि आज सकाळी सोडले.

मासे ठणठणीत होते. पण मधोमध आले की दोन बाजूंना पांगायचे, पुढं जाऊन पुन्हा एक व्हायचे.

“मॅडम, हे मधातून काऊन नाही जाऊन राह्यले?” झाडता झाडता शकुंतलाबाईंनी विचारलं.

“जागा नवी आहे. रुळतील.”

प्रेरणानं चिमूटभर खाद्य टाकलं. एकही मासा झेपावला नाही. सगळे कडेला थांबून मधल्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले.

दाणे सावकाश खाली आले आणि तिथंच एकेक करून नाहीसे झाले.

मासे थांबलेलेच होते. प्रेरणानं आणखी एक चिमूट टाकली.