तेलाचा आणखी एक हात

“इथं अजून चमक नाही,” असे म्हणत वेंडेल ट्रेंबाथने बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला.

आर्वो कोस्केलाने ते लाकूड आपल्या तळघराच्या खिडकीकडे वळवून बराच वेळ न्याहाळले. मग जवसाच्या तेलाची बाटली पुन्हा खाली काढली.

बंदूक वेंडेलची होती. जुना दस्ता तडकला म्हणून एप्रिलमध्ये त्याने ती आर्वोकडे आणली. अक्रोडाच्या ठोकळ्यातून नवा दस्ता कोरण्यात उन्हाळा गेला. नळीचे लोखंड लाकडात तसूभरही हलू नये यासाठी इपॉक्सीची, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेची, बैठक भरण्यात सप्टेंबर सरला. चिकटू नये म्हणून आधी मेणाचा हात दिलेले ते लोखंड आर्वोने अलगद सोडवले, तेव्हा बैठकीत एक बुडबुडाही नव्हता.

आर्वोची पत्नी हेल्मी मार्चमध्ये गेली. त्यानंतर त्याने कुत्रा भाचीला दिला, होडी शेजाऱ्याला दिली, आणि रंधे चर्चच्या विक्रीत ठेवले. वेंडेलने कारण विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, “तुझी बंदूक तेवढी राहिलीय. ती झाली की मी हेल्मीकडे जायला मोकळा.”

त्या दिवसापासून वेंडेलने दोन पथ्ये पाळली. ज्याच्याशिवाय गोळी झाडता येत नाही तो बंदुकीचा बोल्ट त्या घरात मागे ठेवायचा नाही. दर शनिवारी तो खिशातून आणावा, खाच जुळवून पाहावी, पुन्हा खिशात घालावा. आणि काम पुरे झाले असे कधी म्हणायचे नाही.

पहिले काही शनिवार तो सरळ खोटे बोलला. पुढे खोटे बोलण्याची वेळच येईना. दर खेपेला मानेवर एखादा फिकट डाग खरोखरच सापडे. आर्वोची दृष्टी मंदावली असावी, असे वेंडेलने मनाशी ठरवले. दोघे पूर्वी ज्या खाणीत राबले तिथे ज्या माणसाच्या हाताची शपथ घेतली जाई, त्याची ही गत पाहून त्याला वाईट वाटे. आणि त्याच क्षणी सुटकेचा निःश्वासही निघे.

हरणांच्या शिकारीचा हंगाम आला आणि संपला. वेंडेलने आणलेली मांस-बटाटे भरलेली पेस्टी आर्वोने उघडून पाहिली, आणि आत गाजर नाही म्हणून वेंडेलच्या कॉर्नवॉलवाल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वेंडेल म्हणाला, की गाजर घोड्याला घालतात किंवा आर्वोसारख्या फिनलंडवाल्याला. दोघे हसले नाहीत, पण पेस्टी संपली.

“तुझाच नियम आहे ना,” वेंडेल म्हणाला. “तेलाचा हात आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा.”

“जन्मभर म्हणजे कुणाच्या, लेका? तुझ्या का माझ्या?”

वेंडेलने बोल्ट खिशात घातला.

“पुढच्या शनिवारी शेवटचा हात,” आर्वो म्हणाला. “बंदूक घेऊन जा आणि मला मोकळं कर. थकलो मी.”

तो आठवडा वेंडेलला धड झोप लागली नाही. डाग सापडला नाही तर काय म्हणायचे, हे तो आरशासमोर घोकू लागला. एकही वाक्य खरे वाटेना. शुक्रवारी सरोवरावरून वादळ येत असल्याची बातमी आली; शनिवारी रस्ते बंद होणार होते. तेव्हा तो दुपारीच निघाला. जे बोलायचे ते आजच, तोंडावर, डागाचा आडोसा न घेता बोलायचे, असे त्याने ठरवले होते.

दारावर थाप मारण्याआधी त्याला तळघरात दिवा दिसला. जमिनीलगतच्या खिडकीपाशी तो गुडघ्यांवर बसला आणि काचेवरचा बर्फ हातमोज्याने पुसला.

आर्वो स्टुलावर बसला होता. मांडीवरचा दस्ता टोकापासून टोकापर्यंत आरशासारखा उजळला होता. त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. आर्वोने तो दिव्याखाली फिरवून नीट पाहिला, पॉलिशपेपरचा नखाएवढा तुकडा उचलला, आणि दर शनिवारी वेंडेलचा अंगठा जिथून फिरू लागे, तिथली चमक हलक्या हाताने घासून काढू लागला.