पदर

पदर पुन्हा डोक्यावर गेला आणि बन्सीलालांनी हातातला चहा तसाच बाजूला ठेवला.

समोरच्या मांडवात, रांगेच्या टोकाला बसलेली ती बाई म्हणजे सुगंधा चौधरीची आई. सुगंधा कोर्टवर सर्व्हिसला उभी होती. आईने पदर ओढला, सुगंधाने चेंडू उडवला, आणि सर्व्हिस अशी कोपऱ्यात कोसळली की पुण्याच्या मुलीला रॅकेटसुद्धा लावता आली नाही.

"छगनराव, ही बाई पोरीला खुणा करतेय."

क्लबचे सचिव छगनराव दचकले. व्यावसायिक खेळाडूंची महिला एकेरी स्पर्धा जळगावात आणायला त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. त्र्याण्णवच्या त्या मार्चमध्ये ती एकदाची भरली, आणि अंतिम सामन्यात चक्क घरचीच पोर पोचली होती.

"खुणा कसल्या साहेब? दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत पोळ्या लाटते ती. पोरगी तिथल्याच कोर्टवर चेंडू वेचता वेचता शिकली. आईला टेनिसमधलं काय कळणार?"

"तेच म्हणतो मी. काही कळत नाही, तर नेमका मोक्याच्या पॉइंटलाच पदर का ओढते?"

बन्सीलाल मुख्य पंच. मुद्दाम नाशिकहून बोलावलेले. चेंडूंचा सीलबंद डबासुद्धा कानाशी हलवून बघणारा माणूस. संशय त्यांना जेवणातल्या मिठासारखा लागे. बाहेरून खेळाडूला सल्ला द्यायचा नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा पॉइंट कापायचा.

ते पाळत ठेवू लागले. प्रत्येक अवघड पॉइंटआधी मान वळवून बाईकडे बघायचे. आणि प्रत्येक अवघड पॉइंटआधी पदर वर जायचा. एकदाही चुकला नाही.

पदराचं त्यांना नवल नव्हतं. शिरपूरकडच्या त्यांच्या घरात सुना वडीलधाऱ्यांसमोर एवढा लांब पदर घेत, की थोरल्या पुरुषांना त्यांची तोंडंही ठाऊक नसत. पण इथे वडीलधारं होतं कोण? बाईच्या एका बाजूला कॉलेजच्या मुली खिदळत होत्या, दुसरीकडची खुर्ची रिकामी होती. कुणासाठी हा मान?

पोरगी खेळत मात्र झकास होती. डावरी होती. त्यांचा धाकटा भाऊ हिलालही डावरा. गोफणीने कैरी पाडायचा तो डाव्याच हाताने. हिलालची आठवण आली की बन्सीलाल मन दुसरीकडे वळवत. पहिल्या बायकोला त्याने दिवस गेलेले असताना माहेरी धाडलं होतं आणि दुसरी केली होती. तेव्हा घरात कुणीच तोंड उघडलं नाही. बन्सीलालांनीही नाही.

"छगनराव, तुम्ही मांडवामागे जाऊन उभे राहा. नीट बघा."

छगनराव गेले. तेवढ्यात रेषेवरच्या चेंडूवरून वाद निघाला. बन्सीलाल कोर्टवर उतरले आणि वाद मिटल्यावरही दोन-तीन गेम रेषेवर नजर लावून तिथेच उभे राहिले.

छगनराव परतले. "डोकं उघडंच होतं, साहेब. मी होतो तोवर एकदाही पदर घेतला नाही तिने."

बन्सीलाल गालात हसले. गाववाले गाववाल्यांनाच सांभाळणार! हा माणूसही सामील आहे, असं त्यांच्या मनाने पक्कं धरलं.

दुसऱ्या सेटमध्ये त्यांनी खुर्चीवरच्या पंचाला इशारा केला. ताकीद इंग्रजीत पुकारली गेली. सुगंधा गोंधळून इकडेतिकडे पाहत राहिली. आई तर तशीच बसून होती. काय झालं, ते तिला कळलेलं दिसत नव्हतं. 'काय सोंग आहे,' बन्सीलाल मनात म्हणाले.

"साहेब, जरा दमानं घ्या," छगनराव काकुळतीला आले. "जिंकली तर दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश आहे. हरली तर मामा खेळ बंद करून आखाजीच्या मुहूर्तावर लग्न उरकणार. पोरीला ही एकच संधी आहे हो."

"नियमाला पोरगी कुणाची, ते दिसत नाही."

तिसरा सेट. सुगंधा पाच-सहाने मागे, सर्व्हिस तिची, तीस-चाळीस. हा पॉइंट गेला की सामना गेला. सुगंधाने चेंडू दोनदा आपटला.

बन्सीलालांनी मान वळवली. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पदर वर गेला.

त्यांनी हात उंचावला.

पॉइंट कापला गेला. चेंडू हातातच राहिला आणि सामना संपला. सुगंधा जागच्या जागी मटकन बसली. मांडवात आरडाओरडा झाला, कुणीतरी खुर्ची उलथवली. बन्सीलालांना त्याचं काही वाटलं नाही. आपण चोरी पकडली, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

थोड्या वेळाने छगनराव बाईला घेऊन टेबलापाशी आले. ती त्यांच्या आडोशाला पाठमोरी उभी राहिली. पदर आता हनुवटीपर्यंत होता.

"सगळ्यांदेखत खुणा केल्यात, आता तोंड लपवून काय उपयोग?" बन्सीलाल म्हणाले. "कसल्या खुणा होत्या, तेवढं सांगा."

बाई त्यांच्याशी बोललीच नाही. छगनरावांना उद्देशून ती हळू आवाजात अहिराणीत म्हणाली,

"भाऊ, त्यास्ले सांगा, मी काही खुण करी नही. ते मनाकडे देखेत, तवय मी पदर लेऊ. मनी पोर हारी गई, पन त्यास्ना समोर उघडं डोकं कसं ठेवू? सुगंधाना बापना मोठा भाऊ शेतस ते."