कंचा अध्याय?

"ज्योत्या, गळा गोड हाय तुझा, पण डोस्कं रिकामं. माणसं रडली तर ती तुझ्यामुळं रडली असं समजू नगंस," असं वडील म्हणायचे.

केंदूरच्या सप्ताहात माणसं रडली, तेव्हा ज्योतिबाआप्पा नेमके तसंच समजून बसले. पोथीतलं ठाऊक होतं तेवढं तीन दिवसांतच सांगून झालं होतं. म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी गावच्या वाचनालयातल्या एका विज्ञानकथेला गंध लावलं. यानाचं विमान केलं, शास्त्रज्ञाचा ऋषी केला आणि ताऱ्यांपलीकडं गेलेला लेक म्हाताऱ्या आईच्या दारात आणून उभा केला. बायाबापड्यांचे पदर भिजले. आप्पांना स्वतःच्याच पाया पडावंसं वाटलं.

मंडप रिकामा झाल्यावर गिताबाई पुढं आल्या. त्यांचा लेक मल्हार परदेशी गेला त्याला अकरा वर्षं झाली होती, तो एकदाही फिरकला नव्हता.

"आप्पा, ही गोष्ट कंच्या अध्यायात हाय? रोज वाचीन म्हणते."

आता खोटं बोलायचं म्हणजे त्या माउलीला जन्मभर पोथी चाळायला लावायची. आप्पांचा टिळा घामानं ओघळला.

"अध्याय न्हाई, गिताबाई. वाचनालयातलं पुस्तक हाय ते. आन् लेक परत येतो, ते तर माझ्याच पदरचं. शेवटची पानं फाटलेली व्हती, मग काय करणार?"

गिताबाईंनी भिजलेला पदर पिळला.

"मला वाटलं, पोथीत तरी येत आसंल. ती पानं म्याच फाडली, आप्पा. त्यात त्यो येत न्हाई."