एकाच जिवावर

सातपूरच्या कारखान्यात भाजलेला महेश दवाखान्यातून फोनवर रोज एकच विचारायचा, "अण्णा, माझ्या ऑस्करनं खाल्लं का?" त्याचा तो मासा जिवंत गप्पी मासोळ्याच खायचा. त्यासाठी महेशनं गॅलरीत टब भरून गप्पी वाढवल्या होत्या. त्याच्या माळकरी वडिलांनी, धोंडीरामअण्णांनी, कणकेच्या गोळ्या टाकून पाहिल्या, पण पाच दिवस उपाशी राहून ऑस्कर तळाशी आडवा झाला. "मासा गेला तर पोरगं हाय खाईल," महेशची आई साळूबाई म्हणाल्या. मुंगीसुद्धा चुकवून चालणाऱ्या अण्णांनी शेवटी गळ्यातली माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. निदान एकाच जिवावर भागावं म्हणून टबातली सगळ्यात जाडजूड गप्पी निवडून त्यांनी जाळीनं ऑस्करच्या काचपेटीत सोडली. ऑस्करनं झडप घालताच तिच्या पोटातून तांदळाएवढी पिल्लं सुटली. "अहो, पोटुशी होती ती," साळूबाई कळवळल्या. अण्णांनी जाळी पाण्याजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. ऑस्कर जेवत होता.