कावेरीची ओटी

पडद्यावर कावेरी पंचमीचा झोका घेत होती. झोका वर गेला की तिचे पाय आभाळाला लागायचे, खाली आला की आईच्या काळजाला. फोनमध्ये साठलेल्या आयुष्यावरून टीव्ही हव्या त्या प्रकारची मालिका रचायचा; गेलेल्या लेकीचा, कावेरीचा फोन त्याला जोडून अनसूयानं ‘कौटुंबिक’ मालिका निवडली होती. तेव्हापासून लेक माहेरीच होती. सासरी पाय घसरून पडली नि गेली, एवढंच आई-बापांना कळवलं होतं. फोनला जास्त ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आज कावेरी झोक्यावरून उतरून समोर उभी राहिली. तिची रिकामी ओटी अनसूयाला बघवेना. तिनं पडद्यापुढे तांदूळ-नारळ ठेवला, काचेवर कुंकू लावलं.

“अगं, काय केलंस!” तिचा नवरा बळवंत ओरडला. “ओटी भरलीस, म्हणजे पाठवणीच केलीस की!”

टीव्हीनंही तेच धरलं. “येते गं आई,” म्हणत कावेरीनं पिशवी उचलली. पडद्याच्या कोपऱ्यातलं ‘कौटुंबिक’ पुसलं गेलं, तिथं ‘गुन्हेगारी’ उमटलं. सासरचं दार उघडलं. आत कुणीतरी वाट बघत होतं.

“बंद कर,” बळवंत रडवेला झाला. “मला नाही बघवायचं.”

अनसूयानं पाट पडद्याजवळ ओढला.

“एकदा एकटी धाडली. आता मी संगं जाते.”